गोंदण मुक्या सोबत्याचं

गेल्या श्रावणात आमचा ठिपक्या गेला. पांढराशुभ्र गडी, फक्त डाव्या डोळ्यावर एक काळा ठिपका, म्हणून हे नाव. तेरा वर्षं घरात होता. परसातल्या आंब्याखाली त्याला पुरलं, वर चार दगड ठेवले आणि हातपाय धुऊन मी कणीक मळायला घेतली. दुसरं काय करणार? घरातलं माणूस गेलं की सुतक असतं, दहावा असतो, भेटायला येणारे असतात, पिठलं-भाकरी घेऊन येणाऱ्या शेजारणी असतात. कुत्रं गेलं की यातलं काहीच नसतं. संध्याकाळी समोरच्या वहिनी म्हणाल्या, ‘‘एवढे डोळे सुजवून घेतलेत! कुत्रंच तर होतं.’’ त्या काही वाईट हेतूनं म्हणाल्या नाहीत. पण तो ‘तर’ मला फार लागला.

पंधरा दिवसांनी लेक पुण्याहून आली. ठिपक्या आजारी असल्याचं मी तिला कळवलंच नव्हतं. तिची परीक्षा चालू होती, उगाच अभ्यासात मन लागणार नाही, असा माझा हिशेब. आल्या आल्या ती त्या चार दगडांपाशी जाऊन बसली, ती दिवेलागणीपर्यंत उठली नाही. रात्री जेवताना म्हणाली, ‘‘आई, मी ठिपक्याचा टॅटू काढणार आहे. दंडावर, मोठा. त्याचा चेहरा.’’

माझा घास हातातच राहिला. ‘‘अगं, वेड लागलंय का? उद्या लग्नाचं बघायचंय. कुणी विचारलं दंडावर काय आहे, तर कुत्रं म्हणून सांगणार? लोक हसतील.’’

‘‘मी विचारत नाहीये, सांगतेय,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही सगळे विसरून जाल त्याला. तो आजारी होता हेसुद्धा तू मला सांगितलं नाहीस.’’

यावर मी काय बोलणार? खरं सांगायचं तर अपराधीपणा मलाही खात होता. महिनाभर तो पाणी फार पीत होता, खाणं कमी झालं होतं, बरगड्या दिसायला लागल्या होत्या. म्हातारपण आहे, उकाडा आहे, असं म्हणत मी दिवस ढकलले. मंडळाचा कार्यक्रम होता, तो पार पडल्यावर डॉक्टरांकडे नेला. तोवर मूत्रपिंडं निकामी होत आली होती. गावभरच्या बायकांना ‘दुखणं अंगावर काढू नका’ म्हणून सांगत फिरणारी मी, दारातल्या मुक्या जिवाचं दुखणं मला वाचता आलं नाही.

त्या रात्री भांडण मिटवलं ते सासूबाईंनी. वय ऐंशीच्या पुढे, कपाळावर गोंदण, हनुवटीवर एक ठिपका, हातावर तुळशीवृंदावन. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘सूनबाई, बाईनं नवऱ्याचं नाव हातावर गोंदलं तर कुणी हसत नाही. मग तो नवरा कसा का असेना! हिनं तर तेरा वर्षं जीव लावला त्याचं गोंदायचं म्हणतेय.’’

मग हात पुढे करून त्यांनी आपलं गोंदण दाखवलं. ‘‘सात वर्षांची होते. गोंदणारीण दारात आली, आईनं आणि मावशीनं दाबून धरलं. मी ओरडत होते. काय काढायचं ते मला कुणी विचारलं नाही. पुढं एकेक करून दागिने गेले, कधी बियाण्याला, कधी आजारपणाला. हे मात्र कुणाला नेता आलं नाही. सोनं इथंच राहतं, गोंदण सोबत येतं, असं आमच्या आया सांगायच्या.’’

मैत्रिणींनो, मी रात्रभर विचार करत होते. टॅटू म्हणजे काहीतरी परकं, सिनेमातल्या लोकांचं, असं आपण म्हणतो. पण काजळी आणि झाडपाल्याचा रस सुईनं अंगात उतरवून घेणाऱ्या आज्या आपल्या प्रत्येकीच्या घरात होऊन गेल्या. छत्तीसगडचे रामनामी तर सर्वांगावर रामनाम गोंदवून घेत आले. विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचं पेटंट न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली यानं १८९१ साली घेतलं, तेही एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून सुचलेलं. म्हणजे फक्त यंत्र तिकडचं, कला आपलीच. फरक एवढाच, की सासूबाईंचं गोंदण दुसऱ्यांनी ठरवलं आणि माझ्या लेकीचं ती स्वतः ठरवते आहे. आपल्या अंगावर काय असावं हे सज्ञान मुलीनं ठरवलं तर आपल्याला एवढं टोचतं का? तेव्हा आईनं ‘करू नकोस’ म्हणण्यापेक्षा ‘नीट विचार करून कर’ म्हणावं, असं माझं मत झालं.

आणि कुत्र्या-मांजराचं गोंदण यात हसण्यासारखंही काही नाही. दत्तमहाराजांच्या पायाशी चार कुत्री आहेत, त्यांना आपण वेद म्हणतो. खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रं आहे. कुत्र्याला बाहेर ठेवून स्वर्गात यायला युधिष्ठिरानं नकार दिला, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. मांजर आडवं गेलं की पाऊल मागं घेणाऱ्या आपण, पण बाळाच्या जन्मानंतर जिची पूजा करतो त्या षष्ठीदेवीचं, आपल्या सटवाईचं, वाहन मांजरच आहे. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवून त्याला ओवाळणारे आपण, मुक्या जनावराचे उपकार स्मरणं आपल्याला का नवीन आहे?

कुणी म्हणेल, माणसांना खायला नाही आणि यांना कुत्र्या-मांजरांचं कौतुक. मी वस्तीत काम करते, उपाशी माणसं मीही बघते. पण त्याच वस्तीत अर्धी भाकरी मांजराला घालणाऱ्या बायाही बघते. माया ही काही रेशनची साखर नाही, एकाला दिली म्हणून दुसऱ्याची कमी व्हायला. शिवाय एक गोष्ट कुणी बोलत नाही. घरातले सगळे सकाळी कामाला, शाळेला जातात. दिवसभर घरातल्या बाईला सोबत असते ती या जिवाचीच. धुणं वाळत घालताना तो पायात घोटाळतो, आपण तांदूळ निवडत बसलो की ती सुपाशेजारी येऊन बसते. आमच्या गल्लीतल्या एक काकू एकट्या राहतात. त्यांची मनी गेली तेव्हा म्हणाल्या, ‘‘आता दिवसभर माझा आवाजच फुटत नाही गं. बोलू कुणाशी?’’ अशा दुःखाला आपल्याकडे ना विधी, ना सुट्टी. मग कुणाला ते अंगावर लिहून ठेवावंसं वाटलं, तर ते मला समजू शकतं.

मात्र घाई नको. लेकीला मी एकच अट घातली: ‘‘संक्रांतीपर्यंत थांब. तोवर तुझं मन तेच म्हणालं तर मी स्वतः बरोबर येते.’’ कारण पहिल्या महिन्यातलं दुःख आंधळं असतं. त्यात राग असतो, अपराधीपणा असतो. तिचा तो दंडभर मोठा चेहरा अर्धा ठिपक्यासाठी होता आणि अर्धा माझ्यावरचा राग होता, हे तिनंच नंतर कबूल केलं. अपराधीपणा सुईनं निघत नाही. तो बोलूनच निघतो. मी तिची माफी मागितली, दोघी रडलो, आणि त्यानंतरच आम्ही चित्राचा विचार सुरू केला.

त्या चार महिन्यांत आम्ही दोघींनी मिळून पुष्कळ नमुने काढले, खोडले. तुमच्यापैकी कुणाच्या, किंवा तुमच्या लेकीच्या मनात असेल, तर उपयोगी पडतील म्हणून सांगते.

हुबेहूब चेहरा काढायचा मोह सगळ्यांना होतो, पण तेच सर्वांत अवघड काम. हात चांगला नसेल तर कुत्र्याचं बकरं होतं, आणि ते जन्मभर मिरवावं लागतं! त्यापेक्षा त्या जिवाची एखादीच खूण धरावी. एका रेघेत काढलेले कान बघा. एक उभा आणि एक पडलेला कान असेल, तर घरच्या माणसांना तेवढ्यावरून ओळख पटते. रस्त्यावरचं कुत्रं असेल आणि त्याची नसबंदी झालेली असेल, तर कानाला छोटी कापलेली खूण असते, तीही काढावी. पट्ट्यापट्ट्यांच्या मांजराच्या कपाळावर इंग्रजी ‘एम’सारखी खूण असते, नुसती तेवढी काढली तरी गोड दिसते. पाठमोरी बसलेली मांजरी आणि तिची शेपटी, अंगाचं मुटकुळं करून झोपलेलं मांजर, गळ्यातलं घुंगरू, दाराशी वाट बघत बसलेला कुत्रा, हे सगळं दोन-चार रेघांत येतं. कुत्र्याच्या नाकावरच्या रेषा आपल्या बोटांच्या ठशांसारख्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, म्हणून काहीजण नाकाचाच ठसा गोंदवतात.

आपल्या जुन्या पद्धतीचं हवं असेल, तर नुसत्या ठिपक्यांचा पंजा करता येतो. चार छोटे ठिपके वर, एक मोठा खाली, झाला पंजा! लांबून बघणाऱ्याला आजीचं गोंदण वाटेल, आणि त्याचा अर्थ ज्याचा त्याला ठाऊक. तुळशीवृंदावनाच्या पायाशी छोटं मांजर, वेलीच्या टोकाला पानाऐवजी पंजा, असंही सुंदर दिसतं. नाव लिहायचं असेल, तर आधी कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहून ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासा. ‘मोती’चा ‘मोति’ झाला की रबरानं खोडता येत नाही. अक्षर फार बारीक नको, कारण वर्षं जातात तशी शाई कातडीत थोडी पसरते आणि ‘म’ आणि ‘भ’ एकमेकांत मिसळतात.

आणखी एक युक्ती सांगते. चित्र ठरलं की आधी ते मेंदीनं काढून घ्या. रोज आरशात बघा, बाजारात जा, सासरी जाऊन या. रंग उतरल्यावर हळहळ वाटली तर खुशाल गोंदवा, सुटल्यासारखं वाटलं तर सोडून द्या. मेंदी मात्र साधीच वापरा. झटपट काळ्याशार होणाऱ्या मेंदीत केस रंगवायचं रसायन असू शकतं आणि त्यानं कातडी भाजल्यासारखी होते.

आता थोडं आईच्या काळजीचं. जत्रेत एकाच सुईनं ओळीनं सगळ्यांना गोंदतात, तिथं अजिबात जाऊ नका. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही हे तिन्ही रक्तातून पसरतात, आणि सुईवरचं रक्त डोळ्यांना दिसेलच असं नाही. सीलबंद सुई आपल्या डोळ्यांसमोर फोडलेली असावी, हातमोजे नवे, शाईची वाटी नवी. विचारायला लाजू नये. भाजी घेताना आपण दहा वांगी उलटून बघतो, मग इथं का संकोच? मधुमेह असेल, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, जखमेचा वण फुगत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. दिवस गेलेले असताना किंवा बाळ अंगावर पीत असताना तर नकोच. गोंदल्यावर दोन-तीन आठवडे जपावं लागतं. खपली काढायची नाही, विहिरीत पोहायचं नाही, उन्हात उघडं ठेवायचं नाही, आणि कुणी सांगेल तो पाल्याचा लेप लावायचा नाही.

शाई कातडीच्या वरच्या थराच्या खाली जाऊन बसते, म्हणूनच ती टिकते. नंतर लेसरनं काढता येते, पण त्याला अनेक खेपा आणि बराच खर्च लागतो, तरीही पूर्ण पुसली जाईल याची खात्री नसते. मुलगी भरतीची तयारी करत असेल तर आधी जाहिरातीतले नियम वाचा. सैन्यात कायमचा टॅटू कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला एवढ्यापुरताच चालतो. आदिवासींच्या पारंपरिक गोंदणाला सवलत असते, पण आपल्या हौसेला नाही. लेकीची एक मैत्रीण भरतीसाठी पहाटे मैदानावर धावायला जाते. तिलाही मांजराचा टॅटू मानेवर हवा होता. नियम ऐकल्यावर तिनं तो बेत बाजूला ठेवला आणि मांजराच्या गळ्यातलं घुंगरू किल्लीच्या जुडग्यात अडकवलं. आठवण तीच, फक्त जागा बदलली.

आमचं चित्र शेवटी कुठं सापडलं, ते सांगायचं राहिलंच. आमच्या अंगणात कोबा केला तेव्हा ठिपक्या तीन महिन्यांचं पिल्लू होता. गवंड्यांनी थापी खाली ठेवून चहाचा कप हातात घेतला, तेवढ्यात हा ओल्या कोब्यावरून तुरुतुरु चालत गेला. मी जाम चिडले होते. सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, ‘‘राहू दे गं, गौरीची पावलं काढतोच ना आपण.’’ त्यातलं एक पाऊल तुळशीजवळ अजून ठसठशीत आहे. दिवाळीत रांगोळीसाठी अंगण धुताना लेकीची नजर त्यावर गेली. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, तसं तिनं पावलावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, अगदी खरं पाऊल कागदावर उमटलं. दंडभर चेहऱ्याचा बेत तिथंच संपला.

संक्रांतीनंतर मी शब्द पाळला. पुण्याला तिच्याबरोबर गेले, सुई समोर फोडून घेतली, किंमत ऐकून मनात गणित केलं पण गप्प बसले. मनगटाच्या आतल्या बाजूला तेवढंच पाऊल, त्याच मापाचं. अर्ध्या तासात काम झालं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते दुखण्याचं नव्हतं. घरी आल्यावर सासूबाईंनी तिचा हात आपल्या हातात घेतला, चष्मा सारखा करून बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, ‘‘हा आला बघ परत.’’

‘तू पण काढ ना आई,’ असा आग्रह झाला. मी नाही काढलं. एक कारण अगदी साधं. मी रक्तदान शिबिरं भरवते, स्वतः रक्त देते, आणि गोंदल्यावर साधारण वर्षभर रक्त देता येत नाही. दुसरं कारण, माझी आठवण वेगळ्या जागी ठेवायची मी ठरवलंय. यंदा अंगणात फरशी बसवायची होती. तुळशीजवळचा तेवढा कोबा सोडून बाकीची बसवा, असं गवंड्यांना सांगितलंय. आणि गल्लीतल्या चार कुत्र्यांना दर वर्षी रेबीजची लस टोचून घ्यायचं माझ्या वहीत लिहिलंय. त्यांच्यापैकी कुणी पाणी जास्त प्यायला लागलं, खाईनासं झालं, तर आता मी मंडळाचा कार्यक्रम संपायची वाट बघत नाही.

तुमच्या घरात कुणी मोत्या, कुणी मनी आज हिंडती-फिरती असेल, तर एक काम आत्ताच करून ठेवा. गणपतीतली उरलेली शाडूची माती भिजवून पोळीसारखी थापा, त्यावर तिचा पाय हलकेच टेकवा आणि लगेच धुऊन पुसून घ्या. रंग किंवा शाई नको, ती पाय चाटते. ठसा वाळवून कपाटात ठेवा. पुढं गोंदवा, नाहीतर नका गोंदवू, तो ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. पण शेजारणीच्या घरचं एखादं जनावर गेलं, तर ‘कुत्रंच तर होतं’ असं म्हणू नका. चहा घेऊन जा, पाच मिनिटं बसा आणि विचारा, ‘काय नाव होतं हो त्याचं?’